वावरातली जीप पुन्हा रस्त्यावर: नवशिक्या मिस्त्रीसाठी क्रमवार मार्गदर्शन

खान्देशात जुनी गाडी हाताशी धरायची म्हटलं की बहुतेकदा जीपच समोर येते. रावेर-यावलकडे केळीच्या मळ्याच्या कडेला, शिरपूर-शहाद्याकडे गोठ्यामागे, चाळीसगाव-पारोळ्याकडे खळ्यातल्या निंबाखाली. ताडपत्री उचलली की सीटवर कोंबडीची अंडी, डॅशबोर्डात उंदराचं घर आणि आजूबाजूला जमलेल्यांचा एकच प्रश्न: "हाई गाडी चालू व्हई का भो?"

होते. पण क्रम चुकला तर होत नाही. गाडी आणायची, पहिल्याच महिन्यात डेंटिंग-पेंटिंग उरकायचं आणि मग इंजिनकडे वळायचं, अशी इथे रीत पडली आहे. त्यातून चकचकीत रंगाची, न चालणारी जीप तयार होते. पुढे इंजिन उतरवताना, ब्रेकचं तेल सांडताना तोच रंग खराब होतो. म्हणून इथला क्रम असा आहे: कागद, इंजिन, पेट्रोल, पाणी, ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग आणि रंग सगळ्यांत शेवटी.

खाली दिलेली मापं पेट्रोलवरच्या सीजे-३बी जीपची आहेत. उंच बॉनेटची ही गाडी विलीजने अमेरिकेत १९५३ मध्ये आणली आणि भारतात महिंद्राने ती पुढे कितीतरी वर्षं बनवली. बॉनेट उंच असण्याचं कारण आतलं एफ-हेड इंजिन: १३४ घन इंच, म्हणजे सुमारे २२०० सीसी. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. ही रचना लक्षात ठेवा, पुढे दोनदा कामाला येईल. तुमच्या जीपमध्ये कोणी डिझेल इंजिन बसवलं असेल तर इंजिनाचा भाग सोडून बाकीचं बहुतेक जसंच्या तसं लागू पडतं.

सौद्याआधी कागद

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः घासून वाचा आणि आरसी बुकाशी अक्षर न अक्षर जुळवा. इंजिन नंबर जुळला नाही, तर इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर आहे का ते पाहा. पेट्रोलची डिझेल केली असेल तर इंधनाचीही नोंद हवी. नोंद नसलेली जीप स्वस्त मिळते, त्याचं कारण हेच.

मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या जिल्ह्याच्या आरटीओकडची गाडी असेल तर ना-हरकतीसाठी फॉर्म २८, हरवलेल्या आरसीसाठी फॉर्म २६, मुदत संपलेल्या नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. धुळ्याची (एमएच-१८), जळगावची (एमएच-१९) किंवा नंदुरबारची (एमएच-३९) पाटी असली तरी गाडी मुळात जुन्या तीन अक्षरी नंबराची असू शकते. अशा गाड्यांची नोंद कधी कधी संगणकावर चढलेलीच नसते. तिला 'बॅकलॉग' म्हणतात. ती चढवून घेतल्याशिवाय पुढचा एकही अर्ज सरकत नाही. पर्यावरण कर थकला आहे का, हेही त्याच फेरीत विचारा.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी घेता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. मात्र ही गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांना रस्त्यावर आणता येते. मळ्यात जाणं-येणं करायचं असेल तर व्हिंटेजच्या भानगडीत न पडता साधं नूतनीकरण करा.

आणताना आणि उभी करताना

ब्रेक नसलेली जीप दोराने टोचन करून आणू नका. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा टेम्पोत चढवा. घरी आल्यावर सपाट, पक्की जागा लागते. काळ्या मातीवर जॅक रुततो, म्हणून फरशी नसेल तर जॅकखाली आणि घोडीखाली (गाडी टेकवायच्या स्टँडखाली) जाड फळी टाका. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका.

या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या शाफ्टवर असतो. मागचं एकच चाक उचललं की डिफरन्शिअलमुळे ते मोकळं फिरतं आणि ओढलेला हँडब्रेक काहीच धरत नाही. गाडी सरकते. चाक उचलण्याआधी बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावाच.

चाकं काढताना स्टडच्या टोकावर बघा. डाव्या बाजूच्या स्टडवर इंग्रजी 'एल' कोरलेलं असेल तर ते आटे उलटे आहेत. नट घड्याळाच्या दिशेने सुटतो. हे माहीत नसलेल्यांनी पाइप लावून तोडलेले स्टड प्रत्येक गॅरेजच्या भंगारात सापडतात.

पान्यांचं गणित आधीच समजून घ्या. ही गाडी इंची बोल्टांची आहे. ७/१६ ला ११ नंबर चालून जातो, ३/४ ला १९ नंबर बरोबर बसतो. पण १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तिथे १३ नंबरचा पाना सैल बसतो आणि गंजलेल्या बोल्टाचे कोपरे घासून टाकतो. ९/१६ ला १४ जात नाही, १५ फिरतो. तेव्हा ७/१६ ते ३/४ पर्यंतचा इंची रिंग पान्यांचा आणि बॉक्स पान्यांचा संच हीच पहिली खरेदी. सोबत इंची फिलर गेज, टॉर्क रेंच, कॉम्प्रेशन गेज, मल्टिमीटर, हब पुलर आणि आग विझवायचा ड्राय पावडरचा सिलिंडर.

इंजिन: आधी हाताने, मग सेल्फने

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून थेट सेल्फ मारू नका. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतील तर सेल्फचे दात जातात. व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर पुशरॉड वाकतो.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअर ऑइल (एटीएफ) निम्मं-निम्मं मिसळून सोडा. ॲसिटोन पेटतं, तेव्हा बिडी-सिगारेट लांब. तीन दिवस थांबा, पुन्हा घाला, आठवडा जाऊ द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढून हँडल लावा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ आवळायची नाही आणि हँडल खालून वर ओढायचं. वरून खाली दाबायचं नाही. प्लग नसताना झटका बसत नाही, पण पुढे चालू करताना उलटा झटका बसतो आणि अंगठा मोडतो. सवय आत्ताच लावून घ्या.

हँडल हललं नाही तर आणखी जोर लावू नका. थोडं पुढे, थोडं मागे, असं रोज करा. पंधरा दिवसांत काहीच फरक नसेल तर हेड उतरवावं लागेल. इथे एफ-हेडची खोड आहे: हेडचा एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या खाली, इनलेटच्या तोंडात लपलेला असतो. बाकीचे सगळे बोल्ट काढूनही हेड उठत नाही म्हणून लोक फटीत छन्नी घालून ठोकतात आणि हेडचं तोंड खराब करून घेतात. कार्ब्युरेटर आधी उतरवा, आत टॉर्च मारा, बोल्ट दिसेल. परत बसवताना हेडचे बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत ६० ते ७० फूट-पौंडांपर्यंत आवळायचे.

इंजिन मोकळं झालं की जुनं ऑइल काढा. ते दुधी दिसलं तर आत पाणी गेलंय: गॅसकेट गेलं असेल किंवा हेड-ब्लॉकला चीर असेल. चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) खोलून तळातला गाळ पुसा, ऑइल पंपाची जाळी धुवा. वर्षानुवर्षांचा गाळ तसाच ठेवून नवं ऑइल घातलं की तो सुटतो आणि जाळी तुंबते. नवं ऑइल २०डब्ल्यू-४०, फिल्टर धरून सुमारे पावणेपाच लिटर.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली फट, थंड इंजिनावर लावा: इनलेट ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६ इंच. इनलेटचे वर रॉकर कव्हरखाली सापडतात. एक्झॉस्टचे मात्र ब्लॉकच्या बाजूच्या झाकणाआड, मॅनिफोल्डच्या खाली. ती जागा अडचणीची असल्यामुळे हे टॅपेट कोणी बघत नाही आणि नेमके तेच घट्ट होऊन व्हॉल्व्ह जळतो.

आता कॉम्प्रेशन. चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, सेल्फ मारून गेज बघा. चांगल्या इंजिनाला १२० ते १३० पीएसआय मिळतं. जुन्याला थोडं कमी चालेल, पण चारही आकडे एकमेकांच्या १० पीएसआयच्या आत हवेत. एक सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर गेलाय. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅसकेट फुटलंय. या अर्ध्या तासाच्या कामावरून बोअरिंगवाल्याकडे जायचं की नाही ते ठरतं. "इंजिन बांधून टाकू" असं कोणी गेज न लावता म्हणालं तर त्याला आधी गेज लावायला सांगा.

करंट

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. प्लगचा गॅप ०.०३० इंच. पॉइंटचा (करंट तोडणाऱ्या-जोडणाऱ्या संपर्कांचा) गॅप डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या भागावर, अवलंबून आहे, म्हणून त्याची पाटी वाचा: ऑटोलाइट असेल तर ०.०२० इंच, ल्युकास असेल तर ०.०१४ ते ०.०१६. एकाचं माप दुसऱ्याला लावलं की गाडी चालू होते, पण ओढत नाही, आणि मग दोष कार्ब्युरेटरवर जातो.

टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) बल्बवर लावता येतं. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून हँडल फिरवा. हवा अंगठा ढकलू लागली की तो कॉम्प्रेशनचा फेरा. पुलीवरची खूण टॉप सेंटरच्या (पिस्टन सगळ्यांत वर असतो त्या जागेच्या) ५ अंश आधी आणून थांबा. १२ व्होल्टचा बल्ब डिस्ट्रिब्युटरच्या बारीक तारेच्या टर्मिनलला आणि अर्थला जोडा, इग्निशन चालू करा आणि डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवा. बल्ब पेटला त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच आवळा.

ठिणगी निळी आणि तडतडणारी हवी. पिवळी, मऊ ठिणगी दिसली तर कॉइल बदलण्याआधी कंडेन्सर बदला. तो स्वस्त आहे आणि बहुतेकदा तोच गेलेला असतो.

पेट्रोल

टाकीत जुनं पेट्रोल वार्निशसारखं घट्ट झालेलं असतं आणि खाली गंज. टाकी उतरवा. रिकाम्या टाकीला गॅस किंवा वेल्डिंग लावण्याचा विचारही नको. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा वाईट फुटते. गळती असेल तर टाक्या दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

आतला गंज काढायला लिंबूसत्व उत्तम. लिटरमागे १०० ग्रॅम, कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा, एक-दोन दिवस ठेवा. ओतल्यावर लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा. जळगावचं ऊन इथे फुकटची भट्टी आहे, पण तोंड उघडं ठेवा आणि वाळल्या वाळल्या आतून थोडं ऑइल फिरवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस थर चढतो.

आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या काळचं रबर त्यात फुगतं, मऊ होतं आणि तुकडे सुटतात. म्हणून पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरची गॅसकेटं आणि सगळे रबरी पाइप इथेनॉल चालणाऱ्या मालाचेच घ्या. दुकानदाराला 'इंजेक्शन गाडीचा पेट्रोल पाइप' मागितला की सहसा योग्य मिळतो. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, तेव्हा महिनाभर उभी राहणारी गाडी टाकी भरून ठेवा.

कार्ब्युरेटर कार्टर असो की सोलेक्स, जेट तारेने टोचू नका; पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेनेच मोकळं करा. टाकी आणि पंपाच्या मध्ये काचेचा फिल्टर बसवा, म्हणजे गंज येतोय का ते दिसेल.

पहिली स्टार्ट

प्लग काढलेले ठेवून सेल्फ मारत राहा, ऑइलचा काटा हलेपर्यंत. दहा सेकंद मारा, मिनिटभर थांबा. काटा हललाच नाही तर पुढे जाऊ नका. ऑइल पंप कोरडा पडलाय. तो उतरवून ऑइलने भरून परत बसवा.

मग प्लग लावा. टाकी अजून जोडू नका. छोट्या बाटलीतून पाइपने पेट्रोल द्या. कार्ब्युरेटरच्या उघड्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतणारे हौशी मदतनीस गावोगाव असतात. त्यांना विनम्रपणे आग विझवायचा सिलिंडर धरायला द्या. उलटा फायर झाला तर जळतं पेट्रोल हातातल्या बाटलीपर्यंत येतं.

चालू झाल्यावर वेगात ऑइलचा दाब २० ते ३५ पीएसआय दिसायला हवा. निळा धूर पहिली पंधरा मिनिटं येणारच, आत घातलेलं ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबत नसेल तर बंद करा आणि पुन्हा हेड गॅसकेटकडे वळा.

पाणी: खान्देशातली खरी परीक्षा

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि बोअरचं पाणी जड. या दोन गोष्टींनी इथल्या जितक्या जीपा मारल्या, तितक्या खड्ड्यांनी मारल्या नसतील. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्याने रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकमध्ये क्षार बसतो. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, चौथ्या सिलिंडरभोवती, गंज आणि क्षाराचा चिखल साचतो. तिथलं ड्रेन कॉक उघडलं तरी पाणी येत नाही, यावरूनच ओळखा. तार घालून खरवडा. नाहीच निघालं तर ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या वॉटर प्लगा काढून आतून पाण्याचा झोत मारा आणि नव्या बसवा.

रेडिएटरवाल्याकडे टाक्या सोडवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. नुसतं ॲसिड फिरवल्याने अर्ध्या बंद नळ्या उघडत नाहीत. भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, एकूण १० लिटरच्या आसपास. स्वच्छ गाळलेलं पावसाचं पाणीही चालतं. घरच्या आरओ मशीनच्या सांडपाण्याच्या नळीतलं पाणी मात्र बोअरपेक्षाही जड असतं, ते घालू नका.

"आपल्याकडे गरमी, थर्मोस्टॅट कशाला?" हा सल्ला प्रत्येक चौकात मिळेल. थर्मोस्टॅट काढलं की थंडीत इंजिन गरमच होत नाही, ऑइलमध्ये ओल राहते, गाळ होतो. गाडी तापत असेल तर कारण रेडिएटर, ढिला फॅन बेल्ट, मागे पडलेलं टायमिंग किंवा झिजलेला वॉटर पंप यांत शोधा. थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून बघा. पाणी उकळायच्या बरंच आधी उघडलं तर चांगलं आहे, परत बसवा.

उन्हाळ्यात गाडी चांगली चालते, चौकात थांबते आणि पुन्हा चालूच होत नाही. अर्ध्या तासाने एका सेल्फवर चालू होते. हा व्हेपर लॉक: उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पेट्रोल अडतं. पेट्रोलची नळी एक्झॉस्टजवळून जात असेल तर लांब घ्या, तिच्यावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळा, पंप आणि मॅनिफोल्डच्या मध्ये पत्र्याचा आडोसा द्या. तोवर पंपावर ओलं फडकं टाकणं हा जुना उपाय आहेच.

ब्रेक

इथे काटकसर नको. मूळ रचनेत मास्टर सिलिंडर एकच आणि सर्किटही एकच. एक रबर फाटलं की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून 'चालतंय ते राहू दे' हे ब्रेकला लागू नाही. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, तिन्ही रबरी होज आणि गंजलेले लोखंडी पाइप, सगळं नवं घाला.

मागचे ड्रम काढायला पुलरच लागतो. मागचा ॲक्सल शंकूसारखा निमुळता असतो आणि हब त्यावर चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) घट्ट बसतो. नट सोडून ॲक्सलच्या टोकावर मारतुलाने ठोकलं तर आटे चेपतात आणि आतला बेअरिंगही मार खातो. पुलर लावा, ताण द्या, रात्रभर तसंच ठेवा. बऱ्याचदा सकाळी हब आपोआप सुटलेला असतो. परत बसवताना नट किमान १५० फूट-पौंडांना आवळा आणि खिळपीन घाला. ढिल्या नटाने चावी कापली जाते आणि ॲक्सल हबच्या आत नुसताच फिरतो, चाक फिरत नाही.

ड्रममधली धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. पाण्याने ओली करून पुसा. लायनरवर ऑइल किंवा ग्रीस गेलं असेल तर पेट्रोलने धुऊन ते परत येत नाही. आधी सील बदला, मग लायनर. व्हील सिलिंडर पुढे १ इंची आणि मागे ३/४ इंची असतात. दुकानदाराने चारही एकसारखे दिले तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी आडवी होते.

तेल डॉट-३. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करा; आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा निपल सोडतो आणि पेडल वर यायच्या आत आवळतो. मास्टर सिलिंडरमधलं तेल मध्येच संपू दिलं तर सगळं पहिल्यापासून. पेडल अर्धा इंच मोकळं हलायला हवं. ते नसेल तर तेल परत येत नाही आणि चालता चालता ब्रेक आपोआप आवळत जातात.

स्टिअरिंग आणि गिअर

चाळीसच्या वेगात पुढची चाकं थरथरू लागली तर लोक टायर बदलतात. आधी चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर व्हील बेअरिंग किंवा किंग पिन (चाक ज्यावर वळतं तो खुंटा). किंग पिन शिमांवर (पातळ चकत्यांवर) बसवतात: ऑइल सील न लावता, स्प्रिंग काट्याने चाकाचा नकल ओढला तर साडेपाच ते सात किलोंवर वळायला हवा. मग टाय रॉड एंड आणि मधली बेलक्रँक (स्टिअरिंगची ओढ टाय रॉडांना देणारा तुकडा) पाहा. बेलक्रँकचे बुश झिजले की बाकी सगळं नवं असूनही स्टिअरिंग भटकतं. टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली हवीत ते माप) ३/६४ ते ३/३२ इंच.

गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचं जीएल-४ तेल घाला. पितळी सिंक्रो रिंगांना काही जीएल-५ तेलं मानवत नाहीत. ट्रान्सफर केसचं झाकण वेगळं, तेलाचा प्लगही वेगळा, तो विसरू नका. मागचं सील गळू लागलं की ते तेल थेट हँडब्रेकच्या ड्रमवर जातं.

वायरिंग

उंदरांनी कुरतडलेली, कापडी वेष्टणाची वायर जोडत बसू नका. पूर्ण नवा हार्नेस टाका आणि मूळ गाडीत नसले तरी फ्यूज बसवा. अर्धे दोष अर्थचे असतात: बॅटरी ते चेसिस, चेसिस ते इंजिन आणि चेसिस ते बॉडी अशा तीन जाड पट्ट्या, खालचा रंग-गंज घासून. चालू गाडीत बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक.

चेसिस, पत्रा आणि अखेर रंग

शेतातल्या जीपचा पत्रा वरून चांगला दिसतो आणि खालून गेलेला असतो. कारण पावसाळा नव्हे, खताच्या गोण्या. पोटॅश आणि युरिया सांडून फरशीच्या खालच्या चॅनलमध्ये ओलीवर बसतो आणि लोखंड खातो. स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा कापण्याआधी बॉडीचे कर्ण मोजा आणि आतून दोन आडव्या अँगल टाचून घ्या, नाहीतर नवी फरशी लावल्यावर टेलबोर्ड बसत नाही. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरची मंडी डबवाली जीपच्या तयार बॉडीसाठी प्रसिद्ध आहे. तिथून मागवायची तर मूळ मापाचीच मागवा. लांबी-रुंदी बदललेली गाडी नूतनीकरणाच्या तपासणीला अडते.

गावातला ट्रॉली बनवणारा चेसिसची तडा चांगली जोडतो, पण तडेच्या टोकांना आधी भोक पाडायला सांगा आणि वरून निमुळती पट्टी लावून घ्या. सरळ आडवी पट्टी लावली की तडा तिच्या कडेला नव्याने पडते. बॉडीच्या पातळ पत्र्याला मात्र त्याचं आर्क वेल्डिंग नको, भोकं पडतात. तिथे मिग (तारेचं वेल्डिंग) किंवा गॅस. बॉडी उचलायला सहा माणसं लागतात. हिवाळ्यात मळ्यात भरीताचा बेत ठेवला की माणसं आपोआप जमतात.

रंगाचा हंगाम दिवाळी ते होळी. मेमध्ये थिनर हवेतच उडतो आणि रंग खरखरीत बसतो. पावसाळ्यात रंगावर पांढरट झाक येते. जिनिंगजवळ राहत असाल तर कापसाचे तंतू ओल्या रंगावर हमखास बसतात, तेव्हा शेड ताडपत्रीने बंद करा आणि जमिनीवर पाणी मारा. केळीच्या चिकाचे काळे डाग आधी थिनरने पुसा, नाहीतर त्यावर प्रायमर धरत नाही. उघड्या पत्र्यावर नुसता रेड ऑक्साइड ठेवू नका, तो ओल शोषतो. इपॉक्सी प्रायमर मारा. पुट्टी २-३ मिलिमीटरपेक्षा जाड नको. घासायला १२०, मग २२०, ४०० आणि शेवटी पाण्यासोबत ८०० नंबरचा कागद. फरशीच्या चॅनलला खालून निचऱ्याची भोकं ठेवा आणि ती रंगाने बुजू देऊ नका.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर थंड इंजिनावर हेडचे बोल्ट आणि टॅपेट, मागच्या हबचे नट आणि पाट्यांचे (स्प्रिंगांचे) यू-बोल्ट पुन्हा तपासा. मागच्या हबचा नट ढिला निघाला तर घट्ट करताना खिळपिनीचं भोक जुळवायला तो मागे फिरवू नका, पुढेच आवळा.